नागाच्या पिल्लास घास

नागपंचमीच्या कीर्तनात आम्ही पुष्कळ वर्षे एक दृष्टान्त देत आलो. दारी आलेल्या नागापुढे घरच्या माउलीने दुधाची वाटी ठेवली, तो तृप्त होऊन निघून गेला. भूतदया म्हणावी ती अशी! श्रोते माना डोलवीत आणि बायाबापड्या दुसरे दिवशी गारुड्याच्या टोपलीपुढे वाट्या घेऊन उभ्या राहात. दृष्टान्त खोटा होता. दूध हे नागाचे अन्नच नव्हे, त्यास ते पचत नाही. गारुडी त्यास आधी दिवसच्या दिवस पाण्यावाचून ठेवतो, म्हणून तो तहानेपोटी वाटीत तोंड घालतो. हा दोष आमच्या पदरी आहे, तो आधी कबूल करतो.

आमचे डोळे उघडले ते असे. आषाढी करून परतताना गुडघ्यांनी असहकार पुकारला, म्हणून एका माळकरी स्नेह्याच्या घरी पंधरा दिवस मुक्काम पडला. त्यांचा मुलगा सर्पोद्यानात कामास आहे. (उद्यानास सरकारी परवानगी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने इतर कोणी नाग धरणे वा बाळगणे हा गुन्हा आहे, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.) कोणा गृहस्थाच्या घराचा पाया खणताना नागाची अंडी निघाली, ती तेथे आणून उबविली होती. मादी एका खेपेस साधारण १२ ते ३० अंडी घालते आणि ती राखीत बसते. पिल्ले बाहेर आली ती वीत-सव्वावीत लांबीची. पण फणा काढावयास कोणी शिकवावे लागले नाही, आणि विषही जन्मापासूनचे. बहुतेक पिल्ले रानात सोडून दिली. चार तेवढी लोकांस दाखविण्या-शिकविण्याकरिता ठेवून घेतली.

"काय रे, यांना खायला काय घालतोस?" आम्ही विचारले.

"अजून काहीच नाही, बुवा. अंड्यातला बलक पोटात आहे, त्यावर चालते. पहिली कात टाकीपर्यंत तोंड लावीत नाहीत. आठ-पंधरा दिवस नुसती ऊब, पाणी आणि लपायला जागा द्यायची. सारखे झाकण उघडून पाहिले की बिथरतात."

कात पडली. मग त्याने उंदराचे पिल्लू आणले. गुलाबी, अंगावर लव नाही, डोळे मिटलेले. ते मेलेलेच होते. कोमट पाण्यात ऊबदार करून लांब चिमट्याने त्याने नागाच्या पिल्लापुढे हळूहळू हलविले. दोघांनी झडप घातली. एकाने रात्री, अंधारात एकटे ठेवल्यावर खाल्ले. चौथे काही केल्या घेईना. रानात हे बेडूक, पाली धरून खाते. उंदराचा वास त्याच्या ओळखीचा नाही. तेव्हा मुलाने एक भेक आणला, त्याच्या पाठीवर ते मेलेले पिल्लू चोळले आणि भेकास परत बागेत सोडून दिले. घास उंदराचा, वास बेडकाचा! "हेही नाही जमले तर?" "तर चिमट्याने तोंडात धरून द्यावे लागते. पण ते अगदी शेवटी. जबरीने कोंबले तर जबडा दुखावतो, नाहीतर ओकून टाकते."

आम्ही जन्माचे माळकरी. समोर मेलेले पोर आणि आम्ही ते कधी खाल्ले जाते याची वाट पाहात बसलेलो! याला दया म्हणावे की हिंसा? एका जीवाचे जगणे दुसऱ्या जीवावर, हे भागवताच्या पहिल्या स्कंधात नारदांनी धर्मराजास सांगितले आहे खरे. पण धृतराष्ट्र निघून गेल्यावर शोकात बुडालेल्या राजास ते सृष्टीची रीत सांगत होते. उंदीर मारण्याची सनद देत नव्हते. पंडित लोक तो श्लोक ताटाशी बसून म्हणतात, तेव्हा आम्हांस हसू येते.

शिबिराजाची कथा आम्ही शंभर वेळा सांगितली असेल. दर वेळी भर कबुतरावर आणि राजाच्या मांडीवर. ससाण्याचे बोलणे मात्र घाईने उरकीत असू. तो म्हणतो की हे माझे अन्न, ते काढून घेतलेस तर मी आणि माझी पोरे मरू. मग तू वाचविलेस कोणाला? त्याचे म्हणणे राजाने खोडले नाही, मान्य केले. कबूतर पदराखाली घेतले त्या क्षणी ससाण्याची भूक राजाच्या माथी आली. हे पेटीचेही तसेच. रानात नागाने बेडूक धरला तर कोणी कोणास काही दिलेले नसते. झाकण आपण लावले की आतली भूकही आपली आणि आतले मरणही आपले. दूध देऊन हात स्वच्छ राहतात, पण पिल्लू मरते. आपले हात सोवळे राहावेत म्हणून दुसऱ्यास उपाशी मारावयाचे, हे कोणत्या शास्त्रात बसते?

मग ठेवावेच का, असे आम्ही मुलास स्पष्ट विचारले. तो म्हणाला, "बुवा, इथे शांतपणे पाहून गेलेला माणूस घरी साप निघाला तर काठी न उचलता आम्हांला फोन करतो. सगळेच करतात असे नाही. म्हणून चारच ठेवले." त्याचा हिशेब आम्हांस पुरता पटला नाही. खोडताही आला नाही.

चौथ्या पिल्लाने तो घास दोन रात्री घेतला नाही. दोन्ही वेळा मुलाने पहाटे काढून टाकला. तिसऱ्या रात्री नवा ठेवला. सकाळी काकड्यानंतर झाकण उघडले तो पेटीत घास नव्हता आणि पिल्लाचे पोट मधोमध फुगले होते. मुलगा हसला. आमच्या तोंडून "पांडुरंग" निघाले. ते नागाकरिता की उंदराच्या त्या तीन पोरांकरिता, ते आम्हांस सांगता येईना.