न फिटणारे ऋण

जन्मभर बँकेत कारकुनी केलेल्या माणसाला 'ऋण' म्हटले की आधी तारण आठवते. त्यामुळे आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला सेक्रेटरी "जवानांचे ऋण न फिटणारे आहे" म्हणाले, तेव्हा मी दचकलोच. न फिटणारे कर्ज म्हणजे बुडीत खाते!

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा सत्कार होता. यजमान फौजेत, मूल दीड वर्षाचे, स्वतः एका दवाखान्यात नोकरीला. शाल-नारळ घेऊन वहिनी म्हणाल्या, "काका, पाळणाघर सहाला बंद होतं, माझी ड्यूटी साडेआठला सुटते. तेवढा वेळ बाळाला कुणी सांभाळेल का?"

'भारतमाता की जय'नंतर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाची मालिका होती. मी? मी नारळाची वर्गणी दिली होती.

घरी येऊन मी कायद्याच्या आड लपायला गेलो. २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक. वहिनींच्या दवाखान्यात सहा. २०२३ मध्ये महिला जवानांना अधिकारी महिलांसारखीच बालसंगोपन रजा मंजूर झाली. पण इथे जवान बाप आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलेले. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान कामी आले. तशा गावात बाप पलटणीत गेला तरी मागे आजी, चुलती, आत्या असते. कामोठ्यात मागे असते सेफ्टी डोअर.

मग लख्ख कळले. ऋण 'न फिटणारे' ठरवले, की हप्ता भरायचा प्रश्नच मिटतो! एवढे मोठे कर्ज, तिथे आपले दोन तास कुठे पुरणार, असे नम्रपणे म्हणून हात जोडायचे. काउंटरवर हीच नम्रता थकबाकीदाराने दाखवली, तर आम्ही नोटीस काढतो. जोडलेल्या हातांत मूल घेता येत नाही, एवढे साधे आहे.

मी हे सगळे सौभाग्यवतींना समजावत होतो, तोवर ती वर जाऊन सांगूनही आली होती. आता सहा ते सात ती, सातला मी बँकेतून आलो की पुढे मी.

काल बाळाने माझ्या पासबुकाचे एक पान खाल्ले. मुद्दल तसेच आहे म्हणा. पण निदान व्याज तरी वसूल होऊ लागले.