हिरवे ते सारेच हितकर?

चांगल्या हेतूने केलेले कर्म चांगलेच ठरते का? हा प्रश्न मनात ठेवून आपण कच्छच्या बन्नी या गवताळ प्रदेशाकडे पाहू या.

मोठ्या रणाला लागून असलेला हा प्रदेश सुमारे 2,500 चौरस किलोमीटरचा आहे. वरवर पाहता ते मोकळे माळरान. पण गवताचे खरे धन जमिनीखाली असते. दाट मुळे माती धरून ठेवतात, जुनी मुळे कुजून तिचा कस वाढवतात आणि तीच माती पावसाची ओल साठवून गवताला परत देते. गुरांनी पाते खाल्ले तरी जमिनीलगतचा कोंब पुन्हा फुटतो. शेण मातीला मिळते. तेथील मालधारी पशुपालक या देवघेवीचाच एक भाग होऊन पिढ्यान्‌पिढ्या जगले.

1960 च्या दशकाच्या आरंभी, रणाचा खारटपणा पुढे सरकू नये म्हणून येथे विलायती बाभूळ लावण्यात आली. हेतू कल्याणाचाच होता. गुरांनी तिच्या गोड शेंगा खाल्ल्या आणि बिया शेणावाटे दूरवर पसरल्या. जे शेण गवताला पोसत होते, तेच बाभळीचे वाहन झाले! झाडी दाटली, चराई आक्रसली. लोक तिला वेडी बाभूळ म्हणू लागले. आता तिच्या कोळशावर अनेक घरांची चूल पेटते, म्हणून ती सरसकट उपटून टाकणेही सोपे नाही.

दोष झाडाचा नाही. ते आपल्या स्वभावाप्रमाणे वाढले. माळरान म्हणजे पडीक जमीन, ही समजूत मात्र आपल्या मनात खोल रुजली आहे. जे दिसत नाही ते नाहीच, असे आपण धरून चालतो.

माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो. कुणाचे आयुष्य रिकामे वाटले की आपण आपल्या कल्पनेतले रोप तिथे लावायला धावतो.

मग सर्व कळेपर्यंत स्वस्थ बसावे का? नाही. करुणा हवीच, पण तिला विवेकाची जोड हवी. आधी तिथे राहणाऱ्याला विचारावे, लहान पाऊल टाकावे आणि चूक दिसताच ते मागे घेण्याची नम्रता ठेवावी. पुढच्या वेळी वृक्षारोपणाला निघाल तेव्हा त्या गावच्या गुराख्याला एवढेच विचारा, “इथे आधीपासून काय उगवते?”