आपल्यापुरते

थोडक्यात संसार करावा, घरच्या भाताची पेज प्यावी, परसातली भाजी खावी आणि कोणाच्या दारी हात पसरू नये, ही शिकवण आपल्या घरांना नवी नाही. नवे आहे ते तिच्याभोवती अलीकडे चढलेले तेज. शहरात नोकरी केलेले, शिकलेसवरलेले लोक आता खेड्यात चार गुंठे जमीन शोधीत येतात आणि म्हणतात, ‘आम्हांला कोणाचे काही नको. आमचे आम्ही पिकवू, आमचे आम्ही खाऊ.’ हे ऐकून आपल्यापैकी कित्येकांना अभिमान वाटतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या जे नाइलाजाने करीत आलो तेच शेवटी शहाण्यांनाही पटले, अशी ती भावना असते. मला मात्र त्या बोलण्यातील पहिलेच वाक्य अडते. ‘कोणाचे काही नको’ हे शक्य आहे काय? आणि शक्य असले तर ते चांगले आहे काय? इब्रामपूरसारख्या लहान गावात राहून या प्रश्नाविषयी जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम काटकसरीविषयी. आपल्या घरांतील काटकसर पाहावयाची असेल तर एकट्या माडाकडे पाहावे. खोबरे वाटपात जाते. करवंटीची डवली होते किंवा ती बंबाखाली जळते. सोडण भांडी घासावयास लागते, उरलेले चुलीत जाते. चुडते विणून भिंतीला झड लागू नये म्हणून बांधतात, त्यांचे हीर काढून केरसुणी करतात, आणि एवढे सगळे जळून जी राख उरते ती पुन्हा अळवाच्या बुडाशी पडते. वैशाखात तर घरातल्या बायकांना उसंत म्हणून नसते. भिरंडाची सोले वाळवावयाची, आंबे मिठात घालावयाचे, फणसाची साटे उन्हात पसरावयाची, आठळ्या मातीने लिंपून ठेवावयाच्या, चिंच सोलून गोळे करावयाचे, कुळीथ कडक उन्हे दाखवून डब्यात भरावयाचे. या बेगमीला आपण पुरुमेत म्हणतो. शब्द पोर्तुगिजांचा, कष्ट आपल्या आयाबहिणींचे. स्वावलंबनाचे गोडवे गाणाऱ्या लेखांत या कष्टांचा हिशेब क्वचितच मांडलेला आढळतो.

पण या सगळ्याला सद्गुण म्हणून एकदम नमस्कार करणे मला योग्य वाटत नाही. ज्याच्यापुढे दोन वाटा आहेत आणि जो त्यांतील साधी वाट धरतो, त्याचा साधेपणा हा त्याचा गुण. ज्याच्यापुढे दुसरी वाटच नव्हती, त्याच्या साधेपणाचे कौतुक त्याच्यासमोर करताना तरी आपली जीभ अडखळावी. पेडण्याच्या भागात कित्येक कुटुंबे भाटकाराच्या जमिनीत मुंडकार म्हणून राहत आली. ज्या माडाच्या सावलीत घर, त्या माडाचा नारळ आपला म्हणता येत नसे. अशा घरातली आजी एका नारळात दोन दिवस भागवीत होती, ते काही तिने घेतलेले व्रत नव्हते. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. त्यानंतर १९६४ साली कूळ कायदा झाला, १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला, आणि मग कोठे अशा कित्येक घरांना परसात आपल्या मनाने केळ लावण्याची मोकळीक मिळाली. म्हणजे आज जो ‘माझे परसू, माझी भाजी’ म्हणतो, त्याच्या परसाच्या कुंपणाला दुसऱ्यांच्या लढ्याची व कायद्याची मेढ आहे. अमेरिकेतील थोरो १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी स्वतःच्या हातांनी खोपटे बांधून दोन वर्षे राहिला; साध्या राहणीचा विषय निघाला की त्याचे नाव निघतेच. ती जमीन त्याचा स्नेही इमर्सन याची होती, हे मात्र बहुधा सांगावयाचे राहून जाते.

आता हिशेबाकडे वळू. आपल्या मराठी मुलखात या विषयाचा खरा अभ्यास केला तो कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी. दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, पाच माणसांचे कुटुंब चांगल्या रीतीने जगू शकते, असे ते सांगत. ऐकणाऱ्याला ही अतिशयोक्ती वाटते. साधे गणित करून पाहा. दहा गुंठे म्हणजे सुमारे हजार चौरस मीटर. हेक्टरी चार टन भात धरला तर त्यात चारशे किलो भात होईल आणि सडून दोनशे साठ किलोंच्या आसपास तांदूळ हाती येईल. पाच माणसे, माणशी दिवसाला तीनशे ग्रॅम, म्हणजे वर्षाला साडेपाचशे किलो हवा. सहा महिनेही पुरत नाही. खाली पाणी असेल आणि सरदाबरोबर वायंगणही घेतले, तरी पुरते भागत नाही. शिवाय भाजीला आणि माडाला जागा उरत नाही ती वेगळीच.

दाभोलकरांना हे गणित ठाऊक नव्हते असे नाही. त्यांचे म्हणणे असे की, शेतकऱ्याने जमीन मोजू नये, पाने मोजावीत. ऊन पानावर पडते आणि पानात अन्न होते. जे ऊन उघड्या मातीवर पडून गेले ते फुकट गेले. वर माड, त्याखाली सुपारी, सुपारीवर मिरीचा वेल, खाली केळ, त्याखाली अळू व हळद, अशी आपल्या कुळागरांची जी रचना आहे तिच्यात हेच तत्त्व आहे; आपण ते पाटाच्या पाण्याबरोबर वारशाने घेतले, म्हणून त्याचा विचार केला नाही. परंतु मला दाभोलकरांच्या कामातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट दुसरीच वाटते. त्यांनी जे उभे केले त्याला ‘प्रयोग परिवार’ असे नाव दिले. एका शेतकऱ्याला आपल्या वावरात जे कळले ते त्याने दुसऱ्यास सांगावयाचे, दुसऱ्याने तिसऱ्यास. तासगावकडील द्राक्षाच्या बागायतदारांत ही रीत किती फळाला आली ते सर्वश्रुत आहे. दहा गुंठ्यांचा सगळ्यांत मोठा पुरस्कर्ता एकट्याच्या दहा गुंठ्यांवर विसंबला नाही. त्याला परिवार लागला.

आणि जे परसात होतच नाही त्याचे काय? आंबे मिठात घालावयाचे तर मीठ हवे. ते इब्रामपुरात पिकत नाही. ते खाली अगरवाड्यासारख्या खाडीकाठच्या गावांत, मिठागरात उन्हातान्हात उभे राहणाऱ्या माणसांकडून येते. मडके डिचोलीच्या कुंभाराचे. कोयत्याला धार लोहाराची. आमच्यासारख्या पुजाऱ्याच्या घराची गोष्ट तर बोलावयासच नको. आमच्या घरी शिजणाऱ्या तांदळातला कितीतरी तांदूळ दुसऱ्यांच्या शेतांतून देवापुढे आलेला असतो, नारळही तसाच. स्वावलंबनावर लिहावयास पुजाऱ्याचा मुलगा बसला, हे वाचून कोणी हसले तर त्याला मी दोष देणार नाही. पण कदाचित म्हणूनच मला हे दिसत असावे. आपल्या ताटातला प्रत्येक घास कोणाच्या तरी शेतातून आला आहे, हे आमच्या घरी विसरावयाचे म्हटले तरी विसरता येत नाही. स्वतःच्या भाताच्या कणगीवर बसलेल्या माणसाला ते विसरणे फार सोपे जाते.

याची परीक्षा गोव्याने दोनदा तरी दिली आहे. १९५५ साली भारत सरकारने पोर्तुगीज अमलाखालील गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा कांदेबटाटे सीमेपलीकडे अडकून पडले. पोर्तुगीज सरकारने बटाटे हॉलंडातून आणि तांदूळ पाकिस्तानातून आणविला. दुसऱ्या परीक्षेच्या वेळी मी नकळता नव्हतो. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली, पहिले काही दिवस किराणा दुकानेसुद्धा बंद राहिली, बेळगावकडून येणारी भाजी थांबली. त्या दिवसांत ज्यांच्या दारी माट, अळू, शेवगा होता त्यांची लाज राखली गेली. परंतु आमच्या वाड्यावर खरी कसोटी पुढे लागली. काही घरांतून भाजीची जुडी शेजारी आपोआप पोचू लागली, सांगावे लागले नाही. एका घरातून मात्र असा सूर निघाला की, ‘आम्ही वर्षभर राबलो, त्यांनी दारात फरशी घातली, आता आम्ही का द्यावे?’

या प्रश्नाला भावनेने उत्तर देऊ नये, कारण त्यात न्यायाचा अंश आहे. राबणाऱ्याचा हक्क पहिला, हे कोणीही मान्य करील. पण ‘आम्ही’ या शब्दात काय काय आले ते नीट मोजावयास हवे. माटाचे बी मागच्या साली कोणा शेजारणीने पदराच्या गाठीत बांधून दिलेले. आंब्याचे कलम दुसऱ्या गावच्या माणसाने बांधलेले. पाणी तर कोणाच्या बापाचे नव्हे. २०२१ च्या जुलैत शापोरा नदीला पूर आला तेव्हा इब्रामपूर, हणखणे, चांदेल या भागांत पाणी शिरले. वरच्या अंगाला तिळारीच्या खोऱ्यात पडलेला पाऊस आपले कुंपण विचारून आत येत नाही. जे चांगले वाहून येते ते ‘माझे’ आणि जे वाईट येते ते ‘दैव’, असा जमाखर्च प्रामाणिक माणसाला मांडता यावयाचा नाही. म्हणून टाळेबंदीतील ती भाजीची जुडी मी दान म्हणत नाही. ती परतफेड होती, आणि तीही अपुरी. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात केवळ स्वतःसाठी शिजविणाऱ्याविषयी फार कठोर शब्द आले आहेत. लहानपणी ते मला अन्नदानाचा उपदेश वाटत. आता वाटते की ते हिशेबाविषयी आहेत. देणे असताना ते नाही म्हणणाऱ्याविषयी.

विनोबांनी १९५० साली पवनारच्या आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभिला. पैशाचा आधार सोडावयाचा, बैलांवाचून स्वतःच्या हातांनी शेती करावयाची, आपले अन्न व आपले वस्त्र आपणच निर्माण करावयाचे, असा तो कडक नेम. स्वावलंबनाचा याहून चोख प्रयोग आपल्या भाषेच्या मुलखात झाला असेल असे वाटत नाही. आणि त्यातून निघून विनोबा कोठे गेले? पुढल्याच वर्षी, १९५१ च्या एप्रिलात, तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांनी जमीन मागितली आणि भूदानाला प्रारंभ झाला. त्यानंतर वर्षानुवर्षे ते दुसऱ्यांसाठी जमीन मागत पायी फिरले. भूदानाच्या यशापयशाविषयी मतभेद आहेत आणि ते राहणारच. मला एवढेच दिसते की, स्वतःपुरते पिकविण्यात ज्याने कसूर ठेवली नाही, त्यालाच ‘ज्याला पिकवावयास जमीन नाही त्याचे काय?’ हा प्रश्न स्वस्थ बसू देईना.

आमच्या वयाच्या मुलांपुढे हा प्रश्न आज वेगळ्या वेषात उभा आहे. मोप्याचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि पेडणे तालुक्यात जमिनीचे दलाल घरोघर येऊ लागले. परसातल्या नारळांचे, केळींचे, सुपारीचे वर्षाचे उत्पन्न एका बाजूला आणि दलाल सांगतो तो आकडा दुसऱ्या बाजूला ठेवला, तर परसू नेहमी हरते. मुलीचे लग्न, आईचे आजारपण, भावाचे शिक्षण असताना कोणी जमीन विकली तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण विकणारा ‘माझी होती, मी विकली’ असे म्हणतो तेव्हा तोच पूर्वीचा जमाखर्च पुन्हा समोर येतो.

चवथीला वडिलांबरोबर पूजेसाठी मी घरोघर जातो, तेव्हा माझी नजर गणपतीच्या आधी माटोळीकडे जाते. सुपारीचे शिपटे, नारळाची पेंड, केळीचा घड, चिबूड, तोरिंजन, कवंडळे, घागऱ्या, कांगले. आजवर एकही माटोळी अशी पाहिली नाही की जिच्यातील सर्व काही त्याच घरच्या परसातले. अर्धे रानातले, काही मामाकडचे, काही शेजाऱ्याने न मागता आणून टांगलेले. गेल्या काही वर्षांत म्हापशाच्या बाजारातून आणलेले शिपटे वाढले आहेत. गेल्या चवथीला एका घरी मी विचारले, तेव्हा घरधनी म्हणाले, ‘पूर्वी वरच्या वाड्यावरून येत असे, भटजी. त्यांनी कुळागर विकले. आम्ही त्यांना दरसाल आमची तोरिंजने देत असू. ती यंदा झाडाखालीच पडली.’