तीर्थाचे पावित्र्य कशात?

वसई तालुक्यातील निर्मळ हे परशुराम आणि विमलासुर यांच्या कथेशी जोडलेले जुने तीर्थ आहे. येथे तळे, शंकराचार्यांचे मंदिर आणि होली क्रॉस चर्च आहे. कार्तिक वद्य एकादशीपासून मोठी जत्रा भरते. सुकेळी (सुकवलेली केळी) घ्यायला हिंदूंबरोबर ख्रिस्ती शेतकरीही गर्दी करतात. पश्चिमेला कळंबचा किनारा आहे.

स्नानाने पाप फिटते, असे तीर्थमाहात्म्ये सांगतात. संतांनी मात्र मन शुद्ध नसेल तर स्नान व्यर्थ मानले. दोन्ही मतांत विरोध दिसतो, पण तीर्थ शुद्ध ठेवणे हीच मनाच्या शुद्धीची कसोटी मानली, तर तो मिटतो. ख्रिस्ती परंपरेतही सृष्टी ही देवाने सोपवलेली ठेव मानली जाते; पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाचा विषय तोच आहे. म्हणून तळ्यात निर्माल्य आणि किनाऱ्यावर बाटल्या टाकणाऱ्याची यात्रा अपुरीच राहते. पुण्य पाण्यात बुडी मारण्याने नव्हे, पाणी राखण्याने लाभते.