बंद जनुकाचं काम

‘चांगली जनुकं ऑन करा, वाईट ऑफ करा’ अशा आरोग्य-शिबिरांच्या जाहिराती हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. उपवास, काढे, प्राणायाम आणि वर एपिजेनेटिक्सची फोडणी. नुसत्या शिबिरवाल्यांना बोल लावून भागत नाही. बटणाची ही कल्पना त्यांनी पाठ्यपुस्तकांतूनच उचलली. बंद जनुक म्हणजे स्वस्थ पडलेलं जनुक, हा समज निदान एका मानवी जनुकाने तरी साफ खोटा ठरवला आहे.

पाठ्यपुस्तकांतलं ते बटण जाकोब आणि मोनो या शास्त्रज्ञांचं: ई. कोलाय हा जीवाणू लॅक्टोज पचवणारी जनुकं लॅक्टोज असेल तेव्हा चालू आणि नसेल तेव्हा बंद करतो, असं त्यांनी १९६१ मध्ये मांडलं. पुढे १९८१च्या सुमारास उंदराच्या एका अमायलेझ जनुकाचा आरएनए लाळग्रंथीत आणि यकृतात वेगवेगळ्या जागांपासून सुरू होतो असं दिसलं. जनुकाचा आरएनए जिथून सुरू होतो त्या जागेला प्रमोटर म्हणतात. तेव्हा दोन प्रमोटर म्हणजे दोन अवयवांची दोन बटणं, एवढाच बोध बहुतेकांनी घेतला.

खरी गंमत माणसाच्या डीएचएफआर जनुकात आहे. त्याचं एन्झाइम फोलेट कामाच्या रूपात ठेवतं. त्यावाचून नवा डीएनए घडवायला माल मिळत नाही. (मेथोट्रेक्सेट हे औषध अडवतं ते हेच एन्झाइम.) पेशी विभाजनाला निघाली की त्याची मागणी चढते, विसावली की उतरते.

या जनुकाचा जवळपास सगळा आरएनए मुख्य प्रमोटरवरून निघतो. त्याच्या अलीकडे दुसरा, दुबळा प्रमोटर आहे. तिथून निघणाऱ्या आरएनएपासून प्रथिन बनत नाही. असल्या आरएनएला गोंगाट म्हणून सोडून द्यायची तेव्हा रीतच होती. २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या अकुलिचेव्ह यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवलं, की विसावलेल्या पेशीत हाच दुबळा कामाला लागलेला असतो. त्याचा आरएनए मुख्य प्रमोटरच्या डीएनएशी तिपेडी वीण घालतो, शिवाय आरएनए सुरू करायला लागणाऱ्या टीएफटूबी या प्रथिनाला धरतो. मग आरएनए पॉलिमरेजसाठी, म्हणजे आरएनए घडवणाऱ्या एन्झाइमसाठी, तिथे जमलेली प्रथिनांची मांडणी मोडते.

हा शोध ‘आणखी एक बटण सापडलं’ म्हणून सांगितला जातो, तिथेच वाचन चुकतं. कोणी म्हणेल, दुबळ्या प्रमोटरवरून निघालेलं पॉलिमरेज वाटेतला मुख्य प्रमोटर तुडवत जात असेल, आरएनएचा काय संबंध? पण संशोधकांनी पॉलिमरेजला हात न लावता तो आरएनएच नष्ट केला, आणि विसावलेल्या पेशींतही टीएफटूबी मुख्य प्रमोटरवर पुन्हा दिसू लागलं. म्हणजे दाब होता तो आरएनएचाच. जनुक ‘ऑफ’ होतं ते त्याचाच एक भाग ‘ऑन’ असल्यामुळे.

सगळी जनुकं अशीच वागतात असं मी म्हणणार नाही. तिपेडी विणीचा थेट पुरावाही मुख्यतः परीक्षानळीतला आहे. पण विसावलेली पेशी इथे न्यूक्लिओटाइड खर्चून एक आरएनए घडवते, आणि तो खर्च कुठल्याही प्रथिनासाठी नसतो. शेजारच्या प्रमोटरवर मांडणी जमू नये, एवढ्यासाठी असतो.