पितळेला थंडी वाजत नाही

पितळेच्या बाळकृष्णाला थंडी वाजत नाही, हे मला कुणी सांगायला नको. तरी थंडीच्या तोंडावर मी त्याच्यासाठी मखमलीच्या कुंच्या शिवते आणि तुळशीबागेतल्या दुकानांत देते. घरखर्चाला चांगला हातभार लागतो. सगळ्यांत लहान बाळकृष्ण करंगळीएवढा. त्याच्या अंगरख्याचा गोट दोराभर वाकडा गेला तरी गिऱ्हाईक परत करतं. तेव्हा पोरं स्क्रीनवरच्या बाहुलीला पैसे मोजून कपडे घेतात म्हणून कुणी कपाळावर हात मारला, की मी गप्प बसते. ज्याला कपड्याची गरज नाही त्याच्यासाठी कपडे शिवणं हाच माझा धंदा.

नात न्यू जर्सीत असते, दहा वर्षांची. रोब्लॉक्स खेळते. तिथं प्रत्येकाची एक बाहुली असते, तिला अवतार म्हणतात. नव्या बाहुलीला फुकटात जे तपकिरी केस मिळतात ते तळलेल्या बेकनच्या पट्ट्यांसारखे दिसतात, म्हणून तसल्या बाहुलीचं नावच ‘बेकन’. आमच्या घरात बेकन कुणी तोंडात घातलेलं नाही, पण शिवी म्हणून नातीला ते बरोबर कळतं: बेकन म्हणजे नवखा, म्हणजे ज्याच्याकडे रोबक्स नाहीत तो. रोबक्स हे तिथलं चलन, खरे डॉलर देऊन घ्यायचं.

या एका चिडवण्यावर केवढा बाजार उभा राहिलाय! २०२१च्या मे महिन्यात गुचीनं आपल्या शंभरीनिमित्त रोब्लॉक्सवर दोन आठवडे बाग मांडली. तिथं एक पर्स ४७५ रोबक्सना, म्हणजे पाचसहा डॉलरना मिळत होती. पुढं तीच पर्स कुणीतरी साडेतीन लाख रोबक्सना घेतली. त्याचे तेव्हा चार हजारांवर डॉलर होत होते. खरी, हातात धरायची चामड्याची पर्स त्याहून स्वस्त होती. चित्रातली पर्स तर त्या खेळाच्या उंबऱ्याबाहेर नेताही येत नाही. त्याच वर्षी नाइकी आणि फॉरएव्हर ट्वेंटीवन यांनीही तिथं दुकानं थाटली. फॉरएव्हरची एक काळी टोपी बाहुल्यांच्या डोक्यावर इतकी खपली, की कंपनीनं नंतर ती माणसांसाठी विणून काढली. आधी चित्र, मग लोकर.

रोज तिथं येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त तेराच्या आतले, हा २०२०चा खुद्द कंपनीचाच हिशेब. २०२३ मध्ये त्यांनी तेराखालच्यांना जाहिरात दाखवायची नाही असा नियम केला, चांगलं केलं. पण टोपी घालून समोर उभी राहिलेली मैत्रीण हीच जाहिरात असेल, तर तिला कुठला नियम लावणार?

नात सोफ्यावर चुरमुरे खात बसलेली असते, बाहुली कड्यावरून खाली जाते आणि ही ओरडते, “आजी, मी मेले!” शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरचं भाष्य इथूनच सुरू केलंय. एकाचे गुण दुसऱ्यावर लादायचे, त्याला ते अध्यास म्हणतात. शरीर लठ्ठ असतं, आपण म्हणतो मी लठ्ठ. एवढंच नाही, बायकापोरांचं काही बिघडलं तर माणूस मीच अधू झालो म्हणतो, असंही ते दाखवतात. म्हणजे ‘मी’ आधीपासूनच घरभर पसरलेला. आता तो रोब्लॉक्सपर्यंत गेला, एवढंच. दुकानदारानं नवं काही केलं नाही. देहबुद्धी आयती होती, त्यानं तिला किमतीची चिठ्ठी लावली.

मग माझ्या बाळकृष्णाचं काय? तोही अध्यासच, पण ठरवून केलेला. भाद्रपदात गुरुजी मातीच्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा करतात, तेव्हा माती आहे हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सोळा उपचारांत वस्त्र येतं ते स्नानानंतर, आधी नाही. आणि उत्तरपूजेला अक्षता टाकून मूर्ती जागची जराशी हलवली, की देव गेला, माती उरली. बोलवायचा विधी आहे तसा निरोपाचाही आहे. पंढरपूरच्या विठोबाला कधीच निरोप नाही, पण अभिषेकाला त्याचेही सगळे पोशाख उतरतात; काळा पाषाण तेवढा राहतो, आणि तसं पाहताना भक्ताला लाज वाटत नाही. उलट ते दर्शन भाग्याचं मानतात.

चढाओढ आमच्याकडेही आहे, नाही असं नाही. गौरीच्या साड्यांवरून जावाजावांत काय चालतं ते मी मापं घेताना ऐकते. पण ती चढाओढ बायकांची. साध्या सुती साडीतल्या गौरीला पाहून ‘ही बिचारी’ असं कुणी म्हणत नाही. गौरी म्हणजे मी, असं म्हणायचं धाडस कुणाला होत नाही, म्हणून गौरी सुटते. नातीची बाहुली सुटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती पुण्याला आली, तेव्हा माझ्या अंगरख्यांचे फोटो काढून म्हणाली, “आजी, यांचे शर्ट बनवून रोब्लॉक्सवर विकू या.” खण, जरीचा काठ, बारीक टिकल्या, सगळं तिनं बोटानं मोठं करून पाहिलं. मी विचारलं, रात्री निजताना काढून ठेवता येईल का गं? ती म्हणाली, “काढला तर सगळ्यांना आतलं बेकन दिसेल ना!” आपली हुशारी मला पटली नाही याचं तिला वाईट वाटलं असावं, कारण मग तिनं धंद्याची बाजू मांडली. तिथं कापड लागत नाही, काही परत येत नाही, मापाच्या नंबरांची भानगड नाही. बिनतोड होतं सगळं. पितृपक्षात माझं गिऱ्हाईक थांबतं, मशीनला तेलपाणी करून मी पंधरा दिवस स्वस्थ असते. तसले पंधरा दिवस त्या दुकानाला वर्षात कधी येतात, एवढंच मी तिला विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही.