चिमटा, पिंजरा आणि जागल

सेवाग्राम आश्रमात साप धरायचा चिमटा आणि पिंजरा अजून जपून ठेवला आहे. 1936 साली गांधीजी राहायला आले तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं. भोवती शेतं, झुडपं, आणि पावसाळ्यात बिळांबाहेर पडणारे साप. दिसलेला साप धरायचा आणि दूर रानात सोडायचा, ही आश्रमाची रीत.

भीती वाटते म्हणून जीव घेण्याचा हक्क मिळतो का?

गांधीजींचं उत्तर सरळसोट नव्हतं. 1928 मध्ये साबरमतीला असह्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासराला त्यांनी सुईनं मरण देवविलं, तेव्हा केवढा गहजब झाला! 1946 मध्ये, अन्नटंचाईच्या काळात, पिकं फस्त करणाऱ्या प्राण्यांना मारणं शेतकऱ्याला अटळ ठरू शकतं, असंही त्यांनी लिहिलं. त्यांची अहिंसा भुकेल्या माणसाकडे पाठ फिरवणारी नव्हती, हे फार महत्त्वाचं.

सेवाग्रामच्याच जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, बोरचं जंगल आहे. 2014 पासून व्याघ्र प्रकल्प. फाल्गुनात पळस पेटतो, पानगळ झालेल्या सागवानातून दूरवरचं दिसतं आणि पायी हिंडणाऱ्याला ही भूमी पवित्र वाटते. पण जंगलालगतचा शेतकरी रोही आणि रानडुकरांपायी थंडीत हरभऱ्याची जागल करतो. जीवदयेचा सगळा भार त्याच्याच झोपेवर टाकणं अन्यायाचं आहे. कुंपण आणि वेळेवर मिळणारी नुकसानभरपाई हाही अहिंसेचाच भाग मानायला हवा, आणि त्याचा खर्च शहरातल्या वाघप्रेमींनीही उचलायला हवा.